७५ सेंटचं पुस्तक: टोल्किन, एस बुक्स आणि अमेरिकन कायद्यातली फट

१९६५ चा मे महिना. अमेरिकेत फिरत्या स्टँडवर, जिथे काऊबॉयच्या आणि परग्रहाच्या स्वस्तातल्या कादंबऱ्या लटकवलेल्या असायच्या तिथे, एक नवीन पेपरबॅक आलं. किंमत ७५ सेंट. नाव 'द फेलोशिप ऑफ द रिंग'. लेखक जे. आर. आर. टोल्किन. जुलैपर्यंत उरलेले दोन खंडही आले, म्हणजे सव्वादोन डॉलरमध्ये अख्खं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' घरात, जे तोपर्यंत फक्त हार्डबाऊंड मिळायचं आणि एकेका खंडाला पाचेक डॉलर मोजावे लागायचे. कॉलेजच्या पोरांनी उड्या मारल्या. आणि लेखकाला यातून किती मिळणार होते? शून्य. त्याला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

आता गंमत अशी की हे फुटपाथवरचं झेरॉक्स छाप काम नव्हतं. छापणारी कंपनी होती न्यूयॉर्कची एस बुक्स, नावाजलेली, आणि तिचा संपादक डोनाल्ड वॉलहाइम हा सायन्स फिक्शनमधला जाणकार माणूस. तो उघड सांगत होता की अमेरिकेत या पुस्तकाला कॉपीराइटच नाही, त्यामुळे मी कोणाचं काही चोरलेलं नाही. बरं, तो अगदीच हवेत बोलत नव्हता. म्हणून मला हे प्रकरण भारी वाटतं. यात चोर कोण हे लगेच कळतं पण दार कोणी उघडं ठेवलं हे शोधायला अकरा वर्षं मागे जावं लागतं.

आधी माणूस थोडक्यात. जन्म ३ जानेवारी १८९२, दक्षिण आफ्रिकेतलं ब्लूमफाँटेन, वडील तिथे बँकेत होते. चार वर्षांचा असताना वडील गेले, बाराव्या वर्षी आई गेली डायबेटीसने (इन्शुलिन यायला अजून सतरा-अठरा वर्षं होती), मग बर्मिंगहॅममध्ये एका कॅथलिक पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढला. ऑक्सफर्ड, मग एडिथशी लग्न, लग्नानंतर काही आठवड्यांत पहिल्या महायुद्धातली फ्रान्सची आघाडी, सोमची लढाई, ट्रेंच फीवर होऊन परत. पुढे लीड्सला आणि १९२५ पासून ऑक्सफर्डला प्रोफेसर, विषय जुनी इंग्रजी भाषा. १९३७ मध्ये 'द हॉबिट' आलं, मुलांचं पुस्तक, पहिली आवृत्ती १५०० प्रतींची. प्रकाशक स्टॅनली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या पोराला, रेनरला वाचायला दिलं होतं आणि अभिप्रायाचा एक शिलिंग दिला होता. हा रेनर लक्षात ठेवा, तो पुढे परत येतो.

प्रकाशकांनी विचारलं हॉबिटचा पुढचा भाग द्याल का, टोल्किन म्हणाले देतो, आणि बारा वर्षं लिहीत बसले. मुलांचं पुस्तक राहिलं बाजूला आणि हजारावर पानांचा डोंगर उभा राहिला. मध्ये दुसरं महायुद्ध, कागदाची टंचाई, मग दुसऱ्या एका प्रकाशकाकडे जाऊन आले कारण त्यांना सोबत 'सिल्मरिलियन'ही (त्याच जगाच्या पुराणकथांचं त्यांचं अपुरं पुस्तक) छापून हवं होतं, तेही फिसकटलं. शेवटी १९५२ मध्ये परत अन्विनकडेच. तोवर रेनर मोठा होऊन वडिलांच्या कंपनीत कामाला लागला होता. त्याने हिशोब केला, तर पुस्तक छापलं की हजारेक पौंडांचा खड्डा पडणार असं दिसलं. वडील तेव्हा परदेशात होते, त्याने त्यांना कळवलं, पुस्तक अलौकिक आहे पण पैसे बुडतील. त्यांचं उत्तर आलं की तुला खरंच तसं वाटत असेल तर घाल हजार पौंड.

इथे करार कसा झाला ते बघा. नेहमीची रॉयल्टी नाही. आधी प्रकाशकाचा सगळा खर्च वसूल होणार, तोपर्यंत लेखकाला एक पेनीही नाही, आणि त्यानंतर नफा निम्मा-निम्मा. बुडणाऱ्या पुस्तकासाठी करतात तसला करार. (पुस्तक बुडालं नाही, उलट १९५६ च्या सुरुवातीला टोल्किनना पहिला चेक आला तो साडेतीन हजार पौंडांच्या वरचा, त्यांच्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त.) पण करार करताना दोन्ही बाजूंच्या डोक्यात एकच होतं, खर्च कमीत कमी ठेवा. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. पुस्तक चालणार नाही असं धरून जे जे निर्णय घेतले ते त्या दिवशी शहाणपणाचेच होते, आणि पुस्तक चालल्यावर त्यातलाच एक निर्णय गळ्याशी आला.

तो निर्णय अमेरिकेचा. १९५४ मध्ये बोस्टनच्या हॉटन मिफ्लिन कंपनीने तिथले हक्क घेतले. आता तिकडे स्वतंत्र टाइप जुळवून नव्याने छापायचं म्हणजे मोठा खर्च, आणि इतक्या विचित्र पुस्तकाला गिऱ्हाईक किती मिळणार कोणाला माहीत, म्हणून त्यांनी सोपा मार्ग घेतला, इंग्लंडमध्येच छापलेले फर्मे, म्हणजे बांधणी न केलेली छापील पानं, जहाजाने मागवायचे आणि अमेरिकेत बांधणी करून विकायचे. पहिल्या खंडाचे १५०० संच मागवले.

हा १५०० आकडा उगीच नव्हता.

आपल्याकडे लेखकाने लिहिलं की कॉपीराइट आपोआप त्याचा, कुठे नोंद करा, शिक्का मारा असली भानगड नाही. भारत, इंग्लंड, युरोप सगळे बर्न करारातले (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) देश, तिथे हेच चालतं. अमेरिका मात्र त्या करारात आली थेट १९८९ मध्ये. तोपर्यंत त्यांचं आपलं वेगळंच. एकोणिसाव्या शतकात तर तिथले प्रकाशक ब्रिटिश पुस्तकं सरळ उचलून छापायचे, डिकन्स १८४२ मध्ये तिथे गेला तेव्हा भाषणांतून यावरच बोलत होता आणि तिथल्या पेपरवाल्यांनी त्यालाच लोभी ठरवलं. १८९१ मध्ये परदेशी लेखकांना संरक्षण मिळालं खरं, पण छपाई कामगारांच्या आणि छापखानेवाल्यांच्या दबावामुळे एक अट चिकटली: पुस्तकाची जुळणी, छपाई अमेरिकेतच झाली पाहिजे, तर कॉपीराइट. पुढे इंग्रजी पुस्तकांसाठी ती अट राहिलीच, कारण जर्मन-फ्रेंच पुस्तकं बाहेर छापली तर इथल्या कामगाराचं काय जातंय, पण इंग्रजी पुस्तक लंडनहून छापून आलं तर याचा रोजगार गेला. म्हणजे लेखकाचा हक्क हा खरं तर टाइप जुळवणाऱ्याच्या पोटापाण्याला बांधलेला होता. मला यात त्या कामगारांचा राग येत नाही हां, पण शेपूट कुत्र्याला हलवतंय असा प्रकार होता खरा.

१९४९ नंतर यात थोडी सूट मिळाली. परदेशात छापलेल्या इंग्रजी पुस्तकाची सहा महिन्यांत नोंद केली तर पाच वर्षांचा हंगामी कॉपीराइट मिळायचा, त्या काळात १५०० प्रती बाहेरून आणता यायच्या, प्रतींवर कॉपीराइटची ओळ छापलेली हवी, आणि पाच वर्षांच्या आत पुस्तक अमेरिकेत छापलं की मग पूर्ण मुदतीचं संरक्षण. म्हणजे एक प्रकारे 'चालतंय का बघा, चाललं तर इथे छापा'.

तर चाललं. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं (काहींनी तुडवलंही), मागणी येत राहिली, आणि हॉटन मिफ्लिनने काय केलं, तर परत फर्मे मागवले. परत. परत. १५०० ची मर्यादा केव्हाच मागे पडली आणि अमेरिकेत छापायचं कोणी मनावर घेतलं नाही. वर पहिल्या दोन खंडांच्या कित्येक प्रतींवर कॉपीराइटची ती एक ओळही नव्हती. एक ओळ! ज्या माणसाने चंद्राच्या कला कथेतल्या तारखांशी जुळवून पाहिल्या, त्याच्या पुस्तकाच्या शीर्षकपानामागे एक ओळ टाकायला कोणाला सुचलं नाही. मी स्वतः भाषांतराची फुटकळ कामं करते, आणि पुस्तकाचं ते दुसरं-तिसरं पान, जिथे हक्क, मुद्रक, आवृत्ती वगैरे बारीक टाइपात असतं, ते हे प्रकरण वाचल्यापासून मी सगळ्यात आधी बघते.

वॉलहाइमने हे हेरलं. हा माणूस खलनायक म्हणून रंगवायला सोपा आहे पण तसा तो नव्हता. एस बुक्समधून त्याने कितीतरी नवख्या सायन्स फिक्शन लेखकांना पहिली संधी दिली, एका बाजूने एक कादंबरी आणि उलटं केलं की दुसरी अशी जोड-पुस्तकं काढली, त्या वाचकाची नस त्याला बरोबर कळायची. टोल्किनच्या पुस्तकाला पेपरबॅकचा वाचक वाट बघतोय हे त्याला बोस्टनच्या सुटाबुटातल्या लोकांपेक्षा आधी कळलं, हे मान्यच करायला पाहिजे. पण कळलं म्हणून आयत्या बिळावर नागोबा व्हायचं? जिवंत लेखक, पत्ता माहीत, एक पत्र टाकून 'आम्ही छापतोय, एवढी रॉयल्टी देतो' म्हणायला काय जात होतं? कायद्याने गरज नाही म्हणून दिली नाही, एवढंच.

इंग्लंडमध्ये कुणकुण १९६५ च्या सुरुवातीलाच लागली होती. तोड काय काढली, तर टोल्किननी मजकुरात बदल करायचे, म्हणजे ती नवी आवृत्ती ठरेल, तिचा नव्याने कॉपीराइट घेता येईल, आणि ती बॅलन्टाइन या पेपरबॅक कंपनीकडून झटपट बाजारात आणायची. रेनर अन्विनने प्रोफेसरांना कळवलं, घाई करा.

आणि इथे टोल्किन! वय ७३, रिटायर होऊन सहा वर्षं झालेली, ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टनमध्ये घर, आणि आयुष्यात एकही गोष्ट वेळेत दिल्याचा इतिहास नाही. हातात आधीच दुसरी कामं होती, एक नवी छोटी कथा होती, मध्ययुगीन इंग्रजी काव्यांची भाषांतरं होती. शेवटी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं काम काढलं तर सुधारणांचं टिपण सापडेना, शोधता शोधता अर्धवट सोडलेली दुसरीच एक कथा सापडली आणि तीच नीट करत बसले. मग दुरुस्तीसाठी हॉबिट उघडलं तर त्यातलं बरंचसं लिखाण त्यांना फारच सुमार वाटायला लागलं, सगळं पुस्तक नव्याने लिहायचा मोह त्यांनी कसाबसा आवरला. तिकडे एसवाले दर आठवड्याला गठ्ठे विकतायत. प्रकाशकाच्या जागी मी असते तर बीपीची गोळी घेतली असती.

बॅलन्टाइनला थांबता येईना. त्यांनी ऑगस्टमध्ये हॉबिट दुरुस्त्यांशिवायच काढलं, निदान आपलं काहीतरी स्टँडवर दिसू दे म्हणून. त्याची एक प्रत टोल्किनना पाठवली आणि मुखपृष्ठ बघून ते उडालेच. चित्रात एक सिंह, दोन इमू पक्षी, आणि पुढे गुलाबी गोळे लटकलेलं एक झाड. हॉबिट वाचलेल्या कोणालाही विचारा, यातलं काय आहे त्या गोष्टीत? त्यांनी पत्र लिहून विचारलं की हा सिंह कशाला आणि इमू कशाला. मग बॅलन्टाइनतर्फे फोन आला, त्यात कळलं की चित्र काढणाऱ्याला पुस्तक वाचायला वेळच मिळाला नव्हता, आणि ते गुलाबी गोळे म्हणजे ख्रिसमस ट्रीचा भास. आपल्याला वेड्यांच्या इस्पितळात कोंडलंय असं वाटायला लागलंय, असं त्यांनी रेनरला लिहिलं. पुढच्या छपाईत सिंह गेला. इमू राहिले. आणि हे अधिकृत वाले बरं का, चोरटे नाही!

ऑक्टोबरमध्ये बॅलन्टाइनची सुधारित 'फेलोशिप' आली, वर्षअखेरपर्यंत तिन्ही खंड. किंमत ९५ सेंट. म्हणजे एसपेक्षा प्रत्येकी २० सेंट महाग, कारण यात लेखकाचा वाटा होता. मागच्या कव्हरवर टोल्किनचं निवेदन, अगदी मोजक्या शब्दांत: हीच पेपरबॅक आवृत्ती माझ्या संमतीने निघाली आहे, आणि जिवंत लेखकाशी किमान सौजन्याने वागावं असं ज्यांना वाटतं ते हीच घेतील, दुसरी नाही. 'चोर' शब्द नाही, कायद्याचा शब्द नाही. फक्त सौजन्य. कोर्टात जायची पंचाईत होती ना, निकाल उलटा लागला असता तर पुस्तक कायमचं मोकळं सुटलं असतं.

पण २० सेंट वाचवणारा कॉलेजचा पोरगा मागचं कव्हर वाचून बदलतो का? स्वतःवरून सांगते, फार नाही. इथे दुसरीच गोष्ट कामाला आली. टोल्किनना वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायची सवय होती, पानंच्या पानं, त्यांनी रचलेल्या एल्फांच्या (गोष्टीतली एक जमात) भाषेतल्या एका प्रत्ययावर कोणी शंका विचारली तर त्यावरही. प्रकाशकांच्या दृष्टीने हा निव्वळ वेळेचा नास, 'सिल्मरिलियन' पडलंय आणि प्रोफेसर पत्रं लिहितायत. पण त्या वर्षी अमेरिकेत जाणाऱ्या प्रत्येक उत्तरात ते एसच्या आवृत्तीबद्दल लिहायला लागले की ही माझ्या परवानगीशिवाय आहे, तुमच्या मित्रांनाही सांगा. ज्या पोराला खुद्द टोल्किनच्या सहीचं पत्र आलं तो ते खिशात ठेवून गप्प बसेल का? अख्ख्या कॉलेजला दाखवणार. तेव्हा तिथे टोल्किनप्रेमींचे क्लब उभे राहतच होते, त्यांनी हे उचललं, दुकानदारांना टोकायला सुरुवात केली, एसच्या प्रती ठेवू नका म्हणून. त्याच वर्षी स्थापन झालेली अमेरिकेतल्या सायन्स फिक्शन लेखकांची संघटनाही यात बोलायला लागली, आणि एसचा सगळा धंदा याच लेखकांवर चालायचा. मग पेपरांनी बातम्या केल्या.

आपल्याकडे पीडीएफ फिरवणाऱ्या ग्रुपवर एखादा लेखक स्वतः येऊन 'अहो, हे माझं पुस्तक आहे, विकत घ्या ना' म्हणतो तेव्हा चार जण सॉरी म्हणतात आणि चाळीस जण त्याच्यावरच चढतात, ज्ञान मोफत पाहिजे वगैरे. मग तिथे कसं जमलं? मला वाटतं कारण साधं होतं, तिथे स्वस्त पर्याय काढून घेतला नव्हता, ९५ सेंटचा उभा केला होता. पाच डॉलरचं हार्डबाऊंड एवढाच पर्याय असता तर सौजन्याचं निवेदन कोणी वाचलं नसतं. आणि हो, ७५ सेंटवाले आले नसते तर ९५ सेंटवालं इतक्या लवकर निघालंच नसतं, हेही आहेच.

एस बुक्सने आधी म्हणून पाहिलं की रॉयल्टीइतकी रक्कम बाजूला काढून सायन्स फिक्शनसाठी एखादं बक्षीस ठेवू. म्हणजे टोल्किनचे पैसे टोल्किन सोडून बाकीच्यांना. शेवटी टोल्किनशीच समझोता झाला: विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे ४ टक्के रॉयल्टी, आणि हातातला साठा संपला की त्यांच्या संमतीशिवाय पुन्हा छपाई नाही. ४ टक्के म्हणजे ७५ सेंटवर ३ सेंट. शिवाय कायद्याने आमच्यावर बंधन नाही, आम्ही स्वखुशीने देतोय, ही भाषा कायम. टोल्किननी सही केली. एसच्या लाखभर प्रती तोवर खपल्या होत्या, पण भांडणाच्या बातम्यांनी पुस्तकाचं नाव जिथे कधी पोचलं नसतं तिथे पोचलं आणि १९६६ मध्ये बॅलन्टाइनच्या प्रती दहा लाखांकडे सरकल्या. विद्यार्थ्यांच्या शर्टावर पुस्तकातल्या पात्रांच्या नावाचे, 'फ्रोडो लिव्ह्ज' आणि 'गँडाल्फ फॉर प्रेसिडेंट'चे बिल्ले आले.

याची किंमत म्हाताऱ्याने वेगळी मोजली. अमेरिकेतल्या पोरांना वेळेच्या फरकाचा पत्ता नाही, रात्री दोन-तीनला हेडिंग्टनच्या घरी फोन वाजायचा. लोक फोटो काढायला बागेत यायचे. शेवटी १९६८ मध्ये एडिथला घेऊन ते समुद्रकाठच्या बोर्नमथला राहायला गेले आणि पत्ता, फोन नंबर गुप्त ठेवला. १९७१ मध्ये एडिथ गेली, मग ते परत ऑक्सफर्डला, आणि २ सप्टेंबर १९७३ ला गेले.

कॉपीराइट आहे की नाही हा मूळ प्रश्न मात्र लटकलेलाच राहिला. तो कोर्टात गेला टोल्किन जाऊन जवळजवळ वीस वर्षं झाल्यावर. न्यूयॉर्कच्या एका प्रकाशन कंपनीने पुन्हा तोच मुद्दा काढला, पहिल्या दोन खंडांच्या एवढ्या प्रतींवर कॉपीराइटची ओळ नव्हती, सबब ही पुस्तकं सार्वजनिक झाली असं जाहीर करा. १९९२ मध्ये कोर्टाने सांगितलं, 'नाही, हक्क शाबूत आहे'. १९९३ मध्ये अपिलातही तेच. म्हणजे वॉलहाइमचा सगळा डोलारा ज्या दाव्यावर होता तो शेवटी टिकला नाही. ती छपाईची अट तर त्याआधीच, १९८६ मध्ये, अमेरिकन कायद्यातून संपली होती.

आणि एक गोष्ट जी मला बऱ्याच उशिरा कळली. सुधारित आवृत्ती कायद्याने 'नवी' ठरायची तर त्यात नवा मजकूर हवा होता, म्हणून १९६५ मध्ये टोल्किननी शब्दसूची दिली, चुका दुरुस्त केल्या आणि जुनी घरगुती गप्पांसारखी प्रस्तावना काढून नवी लिहिली. आज 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'बद्दल वाद घालताना लोक टोल्किनचं जे म्हणणं हमखास तोंडावर फेकतात, की हे पुस्तक म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचं रूपक नाही आणि मला रूपककथा मनापासून आवडत नाहीत, ते याच नव्या प्रस्तावनेतलं आहे. १९५४ च्या प्रतीत शोधायला जाल तर सापडणार नाही.